चलनाच्या फाइलमागे मोबाइलमधला चोर

वाहतूक दंडाच्या चलनाचे निमित्त करून व्हॉट्सअॅपवर पाठविली जाणारी ‘एपीके’ फाइल हे चलन नसून घातक अॅप असते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधील ‘एमएच ०५’ क्रमांकाच्या वाहनधारकांनी दंडाची खात्री अधिकृत संकेतस्थळावरच करावी. असे अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते; ती मिळताच बँकेचा ओटीपी परस्पर चोरट्यांच्या हाती लागतो. अनोळखी अॅप दिसणे, आपोआप संदेश जाणे ही त्याची लक्षणे होत. फाइल उघडली गेल्यास फोन तत्काळ फ्लाइट मोडवर टाकावा, सेफ मोडमध्ये सुरू करून अॅप काढावे आणि दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलावेत. पैसे गेल्यास बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार करावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक.