भावंडं आहेत म्हणून भांडत नाहीत?

"एकाच आईची पिल्लं आहेत हो, एकमेकांना ओळखतात. एकाच टाकीत राहू द्या." रायपूरच्या समता कॉलनीत शॅमेलिऑन पाळणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, पण हे वाक्य मात्र सतत कानावर येतं. पाळणारा म्हणतो, त्याला जोडी विकणारा म्हणतो, आणि ज्यांनी शॅमेलिऑन फक्त मोबाइलवर पाहिलाय तेही चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात चहा घेता घेता ठासून सांगतात.

आधी जात कोणती ते स्पष्ट करू. आपल्या रानातला घोयरा, म्हणजे भारतात सापडणारा एकमेव शॅमेलिऑन, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणं, पाळणं, त्याची अंडी घरी आणणं गुन्हा आहे, त्यामुळे त्याच्या पैदाशीचा विषयच इथे संपतो. खाली जे लिहिलंय ते येमेन आणि सौदी अरेबियातल्या व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल. डोक्यावर उंच तुरा असलेली ही जात जगभर सर्वांत जास्त पाळली जाते आणि नवख्या माणसाच्या घरात बहुधा हीच असते.

हिची मादी एका वेळी ३० ते ६० अंडी सहज घालते. ती मातीत पुरते, भोक बुजवते आणि निघून जाते. पिल्लांना आई माहीत नसते, भावंडं म्हणून कुणी माहीत असण्याचं काही कारण नसतं. सहा ते नऊ महिन्यांनी बाहेर आलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःचं पोट स्वतः भरतं. नात्यागोत्याची कल्पना आपली, त्यांची नव्हे.

मग लोकांना ती 'गुण्यागोविंदाने' राहताना का दिसतात? कारण शॅमेलिऑनचं भांडण कुत्र्यामांजरांसारखं ऐकू येत नाही. मोठं पिल्लू उंच फांदीवर, दिव्याच्या उबेत बसतं. अंग चपटं करून, गडद पट्टे दाखवून ते शेजाऱ्याला नुसतं बजावतं. लहान पिल्लू खाली सरकतं, अंगाची गुंडाळी करतं, रंग काळपट होतो. त्याला ऊब कमी मिळते, म्हणून पचन मंदावतं, म्हणून ते कमी खातं, म्हणून आणखी लहान राहतं. पंगतीत वाढप्याच्या हाताशी बसलेल्याच्या पानात दोनदा जिलबी पडते आणि टोकाचा वाट बघत राहतो, तसं हे चालतं. तीन आठवड्यांनी टोकाचं पिल्लू मरतं आणि मालक म्हणतो, "जन्मतःच अशक्त होतं." अहो, अशक्त नव्हतं, उपाशी होतं! टाकीत शांतता आहे याचा अर्थ सगळ्यांचं बरं चाललंय असा होत नाही.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक पिल्लाला वेगळी बरणी देतात. तेही बरोबर नाही, आणि इथे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. सिसी बॅलन, रिचर्ड शाइन आणि मॅट्स ओल्सन यांनी याच जातीच्या पिल्लांवर अभ्यास केला. तो २०१४मध्ये 'अ‍ॅनिमल बिहेविअर' या नियतकालिकात आला. काही पिल्लं एकटी वाढवली, काही गटात. एकटी वाढलेली पिल्लं इतरांसमोर आली की जास्त पळ काढत, जास्त गुंडाळी करत, त्यांचा रंग निस्तेज आणि काळपट राही, भक्ष्य पकडायलाही ती वेळ लावत. म्हणजे सुरुवातीची संगत उपयोगाची आहे, कायमची नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा: पहिले काही आठवडे लहान लहान गट करा, एकसारख्या आकाराच्या पिल्लांचे. एकाला दुसरं सतत दिसणार नाही इतकी पानं आणि डहाळ्या भरा. ऊब एकाच कोपऱ्यात नको, खाणंही एकाच वाटीत नको. कोण मागे पडतंय ते रोज बघा आणि त्याला लगेच वेगळं काढा. दोन-तीन महिन्यांची होईपर्यंत प्रत्येकाचा पिंजरा तयार हवा. चार-पाच महिन्यांत ती वयात येतात, तेव्हा कुठलंच नातं उपयोगी पडत नाही.

आता पाण्याची वाटी. ती ठेवून लोक निर्धास्त होतात. शॅमेलिऑन साचलेल्या पाण्याकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाही, पानावर ओघळणारा थेंब पितो. स्प्रेची बाटली दिवसातून अनेकदा चालवावी लागते. रायपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, नखाएवढ्या डोक्याचं पिल्लू एका दुपारीत सुकतं. घरातला कूलर मदत करतो, कारण कोरड्या हवेत तो गारवा आणि ओलावा दोन्ही देतो, पण झोत पिंजऱ्यावर नको. पावसाळ्यात तोच कूलर निरुपयोगी. तेव्हा हवा खेळती ठेवणारी जाळी काचेच्या टाकीपेक्षा कितीतरी बरी, नाहीतर ओलाव्याला बुरशी धरते.

खिडकीतलं ऊन पुरतं, हा गैरसमज तर पिल्लांना थेट लुळं करतो. काच यूव्हीबी किरण अडवते. ते नाहीत म्हणजे ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि पिल्लाला मुडदूस होतो: पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. यूव्हीबीचा दिवा आणि खाद्यावर कॅल्शियमची भुकटी, दोन्ही लागतात.

घरातल्या माश्या खाऊन वाढतील? नाही. भक्ष्य पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं नको, म्हणजे फळांवरची चिलटं आणि नुकते जन्मलेले रातकिडे. एका पिल्लाला दिवसाला वीसेक धरा. ४० पिल्लांना रोज ८०० झाले, आणि ते आधीपासून डब्यात वाढवावे लागतात.

शॅमेलिऑन विषारी असतो? नाही. ज्या जागेवर बसतो तिचा रंग घेतो? नाही, रंग बदलतो तो मुख्यतः एकमेकांना इशारा द्यायला, शिवाय ऊब आणि ताण यांनुसार, आणि २०१५मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनमध्ये दाखवलं की त्वचेतल्या ग्वानीनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो. नर-मादी मोठेपणीच कळतात? व्हेल्ड जातीत नराच्या मागच्या पायाच्या टाचेवरचा काटा जन्मतःच दिसतो. नर नसेल तर मादी अंडी घालत नाही? घालते, फक्त ती फळत नाहीत. खणायला खोल माती नसेल तर अंडी अडकून ती दगावू शकते. अंडी कोंबडीसारखी फिरवायची? मुळीच नाही, ज्या बाजूने ठेवली त्याच बाजूने राहू द्या.

परदेशी प्राणी, म्हणून कायदा लागत नाही? लागतो. व्हेल्ड शॅमेलिऑन साइटिस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि घरात जन्मलेली पिल्लंही त्यात येतात.

"नाही झेपलं तर सोडून देऊ" हे सर्वांत संतापजनक. फ्लोरिडात आणि हवाईच्या माउई बेटावर ही जात अशीच मोकळी झाली आणि तिथल्या यंत्रणांच्या डोक्याला ताप होऊन बसली. मादी शुक्राणू साठवून ठेवते, एका मीलनावर पुढचीही अंडी फळतात, म्हणजे नर परत केला तरी तीनेक महिन्यांत दुसरी खेप येऊ शकते. ती सांभाळायची तयारी नसेल तर अनुभवी पैदासकार काय करतात ते ऐकायला कठोर वाटेल: अंडी घातली त्याच दिवशी ती फ्रीजरमध्ये ठेवतात.