दृष्टिपटलावरील काजळी

बारामती-इंदापुराकडे दिवेलागणीस ठेचकाळणाऱ्या मुलास शेवग्याचा पाला चारतात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावीं तें योग्यच. परंतु ‘रेटिनायटिस पिग्मेंटोझा’ या आनुवंशिक विकारांत तेवढ्यानें भागत नाहीं. त्यांत दृष्टिपटलांतील प्रकाशग्राही पेशी झडतात. मग मागील थरांतील काळें रंजकद्रव्य आंत शिरून रक्तवाहिन्यांभोंवतीं काजळीसारखें साचतें. डोंडर्स यांनीं १८५७ मध्यें दिलेलें दाहवाचक नांव अयथार्थ असूनहि चिकटलें! मधली नजर बहुधा बरींच वर्षें शाबूत राहते. मूल धडा वाचतें आणि घरचे फसतात. मामेबहिणीशीं विवाह आम्हां देशस्थांत चालतो; उभयतांतील सुप्त दोष अशानें संततींत एकवटूं शकतो. डाग उमटण्यास कधीं वर्षें लागतात. म्हणून अशा घरचें मूल अंधारांत चाचपडूं लागल्यास एकाच तपासणीवर विसंबूं नये, असें आम्ही सुचवितों.