धर्मत्यागानंतरचा आश्रय : देहूरोडचा बुद्धविहार

धर्मत्यागाने बंधन सुटते. तथापि रिकाम्या झालेल्या जागी काय स्थापावयाचे, हा प्रश्न उरतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदुधर्मत्यागाची घोषणा १९३५ साली येवल्यास केली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १९५६ साली नागपुरास. या दीर्घ अंतरात, २५ डिसेंबर १९५४ रोजी, पिंपरी-चिंचवडलगतच्या देहूरोड येथे त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. बुद्ध हा वर देणारा देव नव्हे. म्हणून येथील वंदना ही याचना नसून आदर्शाचे स्मरण होय. नागपूरच्या २२ प्रतिज्ञांतही आरंभी जुन्या दैवतांचा नकार असून पुढे अष्टांगिक मार्ग व दहा पारमिता यांचा स्वीकार आहे. सारांश, त्यागानंतरचे सांत्वन येथे कृपेवर नव्हे, तर स्वतःच्या आचरणावर आणि समदुःखितांच्या सहवासावर आधारलेले आहे.