चित्रकाराचा फुलमळा

फ्रान्स देशांतील विख्यात चित्रकार क्लोद मोने याच्या कुमुदपुष्पांच्या चित्रांची कीर्ति जगभर आहे. परंतु त्या चित्रांमागें माती, पाणी व मजुरी यांचा जो वृत्तान्त आहे, तो शेतकरीवर्गानें अवश्य जाणावा अशा योग्यतेचा आहे. मोनेनें हीं फुलें आधीं लाविलीं, वर्षानुवर्षें जोपासलीं, आणि मगच रंगविलीं.

पॅरिसपासून सुमारें ७५ किलोमीटरांवर जिव्हर्नी नांवाचें खेडें आहे. १८८३ सालीं मोने तेथें भाड्याच्या घरांत राहावयास आला, आणि १८९० सालीं तें घर व भोंवतालची जमीन त्यानें २२,००० फ्रँकांस खरेदी केली. घरापुढील सुमारें अडीच एकरांच्या आवारांत वाफे पाडून त्यानें ट्यूलिप, आयरिस, खसखस, गुलाब, डेलिया अशीं फुलझाडें लाविलीं. एकाचा बहर ओसरतो न ओसरतो तोंच दुसऱ्याचा यावा, अशी त्याची योजना असे.

खरा प्रश्न पाण्याचा उत्पन्न झाला. १८९३ सालीं आगगाडीच्या रुळांपलीकडील थोडी दलदलीची जमीन घेऊन तेथें तळें करावें, व एप्त नदीच्या फांट्याचें पाणी त्यांत वळवावें, असें त्याच्या मनांत आलें. गांवकऱ्यांनीं हरकत घेतली. खालच्या अंगास त्याच पाण्यांत धुणीं धुतलीं जात व गुरें पाणी पीत; हा उपरा मनुष्य परदेशी झाडें आणून पाणी नासवील, ही त्यांची भीति. मोनेनें वरिष्ठ अधिकाऱ्यास लिहून, नदीकांठीं आपोआप उगवणाऱ्या जातींचींच झाडें आपण लावणार, असा खुलासा केला व त्याच सालीं परवानगी मिळविली. गांवकऱ्यांच्या विरोधास अडाणीपणा म्हणून हंसणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. जलपर्णीहि फुलांच्या शोभेसाठींच परदेशांतून आणिली गेली होती; तिनें व्यापलेलीं आपलीं तळीं व नद्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस अधिक सांगणें नलगे. कुमुदाची जात तितकी अनावर नव्हे, हें सुदैव.

यूरोपच्या थंडींत टिकणारें कुमुद पूर्वीं पांढरेंच असे. लातूर-मार्लियाक नांवाच्या रोपवाटिकेच्या मालकानें त्याचा रंगीत जातींशीं संकर करून पिंवळीं, गुलाबी व तांबडीं काटक कुमुदें निर्माण केलीं, आणि १८८९ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तीं मांडिलीं. मोनेनें आपलीं रोपें याच रोपवाटिकेंतून मागविलीं. संकराचें हें काम झालें नसतें, तर त्या चित्रांतील निम्मे रंग कोठून येते?

पुढें बागेंत सहा माळी खपत. एकाचें काम केवळ तळ्याचें: रोज होडींत बसून शेवाळ काढावयाचें, पानांवरील धूळ धुवावयाची, वेलांची पसर छाटून बेटें सुटीं राखावयाचीं. रस्त्याची धूळ फुलांवर बसते म्हणून मोनेनें स्वखर्चानें रस्त्यावर डांबर घालविलें! हा सारा छांदिष्टपणा नव्हता. बेटांमधील पाणी निर्मळ असेल तरच त्यांत आकाश व कांठचीं झाडें उमटत, आणि चित्राचा विषय फुलांइतकाच तें प्रतिबिंबहि होता. माळ्याच्या हातीं एक दिवस खाडा पडला, तर चित्रकाराचा दिवस फुकट जावयाचा.

या तळ्याचीं सुमारें २५० चित्रें त्यानें काढिलीं. १९०९ सालीं त्यांतील ४८ पॅरिसमध्यें मांडिलीं गेलीं. १९१२ सालीं मोतीबिंदूचें निदान झालें, तरी १९२३ सालच्या शस्त्रक्रियेपर्यंत अंधुक दृष्टीनेंच तो मोठमोठे फलक रंगवीत राहिला. १९२६ च्या डिसेंबरांत तो वारला. हे फलक १९२७ सालीं पॅरिसच्या ओरांजरींत लोकांस खुले झाले. ही इमारत मूळची हिवाळ्यांत संत्र्यांचीं झाडें राखण्याकरितां बांधलेली, हें आमच्या बागाइतदार वाचकांस कौतुकाचें वाटेल.

बागेची मात्र दुर्दशा झाली. सावत्र मुलगी ब्लांश हिनें १९४७ सालीं मरेपर्यंत ती संभाळिली. पुढें तण माजलें, तळ्यावरील लांकडी पूल कुजला. १९७७ पासून दुरुस्ती होऊन पूल नवा बांधिला गेला, तळें पुन्हां साफ झालें, आणि १९८० सालीं बाग लोकांस खुली झाली. तळ्यास पाणी अद्यापि त्याच फांट्याचें आहे.