डबा गाडी घेण्याआधी



गाडी घ्यायची ठरली की घरात बैठक बसते. दीर येतात, मेहुणे येतात, गॅरेजवाला येतो. कंपनी ठरते, रंग ठरतो. आपल्याला हाक मारतात ती दोनदा. एकदा पहिला भरणा करायला दागिने मागायला आणि एकदा गाडी दारात आली की ओवाळायला. मधलं सगळं परस्पर होतं. आणि पुढची दहा वर्षं मांडीवर पिशवी घेऊन मागच्या सीटवर आपणच बसतो.

म्हणून आज आम्ही गटातल्या चौघीजणी गाडीबद्दल बोलणार आहोत. ज्या गाडीला आपल्याकडे ‘डबा’ म्हणतात ती. उंच, चौकोनी आणि बेताची लांब. शोरूममध्ये तिला छोटी एसयूव्ही म्हणतात. आमचा अकोले तालुका डोंगराचा, पाऊस दणकट आणि बाजार लांब. त्यामुळे अशा गाड्या गावोगाव दिसतात. आमच्या गटात तीन घरी आहेत. त्यातून जे कळलं, त्यातलं काही नुकसान सोसून कळलं, ते सांगतो.

डब्यासारखीच का?

फडताळात गोल डबे ठेवले की मधली जागा फुकट जाते. चौकोनी डबे खेटून बसतात आणि त्यांत मावतंही जास्त. गाडीचं तसंच आहे. सरकारने छोट्या गाडीची व्याख्या केली आहे. लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. या मापात बसणाऱ्या गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. मापाबाहेरच्या मोठ्या गाडीवर ४० टक्के. एवढा फरक असल्यावर कंपन्या लांबी वाढवत नाहीत, उंची वाढवतात. बोलेरोची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार मीटरला फक्त पाच मिलिमीटर कमी. जिम्नीची लांबीही चार मीटरच्या आतच आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं. म्हणून ती ४० टक्क्यांत गेली. दिसायला दोन्ही डबेच, कर मात्र वेगळा.

छप्पर उंच असलं की आत डोकं लागत नाही, पाटी-पोतं उभं राहतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. हा फायदा खरा आहे. पण उंच वस्तू लवकर कलते, हेही खरं. डोक्यावर एक हंडा असला तर आपण भरभर चालतो, त्यावर दुसरा चढवला की पाऊल जपून टाकतो. वळणावर ही गाडी बुटक्या गाडीपेक्षा जास्त झुकते. टपावर पोती बांधली की आणखी. जड ओझं खाली, सीटच्या पातळीखाली ठेवायचं आणि घाटात वेग कमी ठेवायचा, हा आमचा पहिला नियम.

नाव एसयूव्ही, पण चाकं किती ओढतात?

आम्हाला वाटायचं, एसयूव्ही म्हणजे चिखलातून कुठूनही निघणारी गाडी. तसं नाही. पंच, एक्स्टर, व्हेन्यू यांत इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना जातो. बोलेरोत मागच्या दोन चाकांना. जिम्नीत गरजेला चारही चाकं ओढतात, पण ती चार माणसांचीच गाडी आहे. तुमच्या वस्तीचा रस्ता पावसाळाभर चिखलाचा असेल तर हा प्रश्न आधी विचारा. डांबरी रस्ता दारापर्यंत असेल तर चार चाकांच्या ओढीचे पैसे कशाला मोजायचे?

दुसरं, गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. पंचचं साधारण १८७ मिलिमीटर, बोलेरोचं १८०, जिम्नीचं २१०. आकडा लक्षात राहत नसेल तर हाताने मापा. बाईची वीत साधारण सात-आठ इंचांची असते, म्हणजे जवळपास एवढीच. मग आपल्या वाटेवर जा आणि चाकोरीच्या मधला उंचवटा त्याच वितीने मापा. माणसं आणि सामान भरलं की गाडी खाली दबते, तेही धरा.

साटा वेगळा की सगळं एक?

बैलगाडीत खाली दांड्यांचा सांगाडा असतो आणि वर साटा. बोलेरोची बांधणी तशी आहे. खाली लोखंडी चासी, वर बॉडी आणि मागे पाटे. अशी गाडी ओझ्याला आणि खराब रस्त्याला दमत नाही. पण पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात, म्हणून रिकाम्या गाडीत मागे बसणाऱ्याला धक्के बसतात. पंच, एक्स्टरसारख्या गाड्यांत चासी आणि बॉडी एकच असते. त्या हलक्या असतात, मऊ चालतात, इंधन कमी खातात. रोज पोती वाहायची असतील तर पहिली बांधणी बरी. शाळा, दवाखाना, बँक, माहेर, आठवड्याचा बाजार एवढंच काम असेल तर दुसरी पुरते.

शोरूममध्ये जाताना सासूबाईंना बरोबर न्या. आम्ही हे पहिल्या खेपेला केलं नाही. गाडी दारात आल्यावर कळलं की त्यांचा पाय पायरीपर्यंत उचलतच नाही. महिनाभर त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर पाय देऊन चढल्या. तेव्हा नऊवारी किंवा साडी नेसून स्वतः चढून-उतरून बघा. बाजाराची पाटी नेऊन डिकीत ठेवून बघा. विक्रेता हसला तर हसू द्या. पैसे आपले आहेत.

लेकरांचा जीव

उंच गाडीच्या मागे आणि बोनेटच्या पुढे बुटकं मूल चालवणाऱ्याला दिसत नाही. आपल्या अंगणात लेकरं खेळतच असतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे. चावी लावण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि गाडी मागे घेताना मोठं माणूस बाहेर उभं राहायचं. कॅमेरा असला तरी.

सुरक्षेसाठी तारे विचारा. आपल्या देशात ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ नावाची धडक-चाचणी सुरू झाली. गाडीला पाचपैकी किती तारे मिळाले ते जाहीर होतं. मोठ्या माणसांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात. ही चाचणी प्रत्येक गाडीला सक्तीची नाही, म्हणून ‘झाली आहे का?’ हेच आधी विचारायचं. आणि तारे पट्टा लावलेल्या माणसासाठी असतात. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. बाळ मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही. धडकेत बाळ हातात राहत नाही आणि समोरची एअरबॅग फुटली तर तिचा दणका बाळालाच बसतो.

इंधन आणि हप्ता

रोज चार-पाच किलोमीटर, डेअरीपर्यंतच फेरी असेल तर डिझेल घेऊ नका. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळायची जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि सलग पळावी लागते. नुसत्या छोट्या फेऱ्यांनी ती चोंदते आणि खर्च काढते. सीएनजी स्वस्त पडतो, पण पंप किती लांब आहे ते बघा. टाकी डिकीची जागा खाते. पंच आणि एक्स्टरमध्ये दोन छोट्या टाक्या खाली बसवून जागा वाचवली आहे. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, तेही लक्षात ठेवा.

आता हिशेब. जाहिरातीतली किंमत शोरूमची असते. तिच्यावर रस्ता कर, नोंदणी आणि विमा चढतो. म्हणून ‘ऑन-रोड किती?’ असंच विचारा आणि ते कागदावर लिहून घ्या. कर्जाचं एक उदाहरण बघा. सहा लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १२,७५० रुपये. सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ९,९६० रुपये. हप्ता हलका वाटतो, पण शेवटी व्याज सुमारे ७२,००० रुपये जास्त जातं. बचत गटात दोन टक्क्यांसाठी भांडणाऱ्या आपण, इथे का गप्प बसायचं?

त्यात इंधन मिळवा. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला सोळा किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी सव्वासहा हजार होतात. हप्ता, इंधन, विमा, सर्व्हिसिंग आणि टायर यांची बेरीज करा. आणि ही बेरीज दुधाचा पगार नसलेल्या महिन्यात झेपेल का, ते बघा.

हप्ता फेडायला भाडं मारू, असं बरेचजण म्हणतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही. त्यासाठी पिवळी पाटी, परवाना आणि तसा विमा लागतो. खाजगी गाडीत भाड्याचे प्रवासी असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग दवाखान्याचा खर्च आणि भरपाई घरावर येते.

आणि नाव कोणाचं?

हे शेवटी सांगतोय, पण आमच्यासाठी हेच पहिलं आहे. आमच्यातल्या एकीचे मालक अचानक गेले. गाडीसाठी दागिने तिचे गेले होते, हप्ता तिच्या दुधाच्या पैशातून जात होता. गाडी मात्र मालकांच्या एकट्याच्या नावावर होती. कोणी तिला सांगितलं नाही काय करायचं ते. पाच महिने गाडी ताडपत्रीखाली उभी होती. तिच्या मुलीला ताप भरला त्या रात्री तिने दुसऱ्याची जीप बोलावली, आपली गाडी अंगणात असताना. हप्ता मात्र एकही चुकला नाही.

म्हणून हे लिहून ठेवा. गाडीचा मालक वारला तर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव नोंदवता येतं. जुन्या गाडीलाही हे नाव नंतर घालता येतं. कर्ज असलं तर सातबाऱ्यावर चढतो तसा आरसीवर बँकेचा बोजा असतो. शेवटचा हप्ता भरला म्हणजे तो आपोआप उतरत नाही. बँकेकडून ना-हरकत दाखला घेऊन आरटीओत तो उतरवून घ्यावा लागतो. जुनी गाडी घेताना हाच बोजा आधी तपासायचा, चासी नंबर आरसीशी ताडून बघायचा आणि गाडी आपल्या नावावर झाल्याशिवाय सगळे पैसे द्यायचे नाहीत.

पैसे तुमचे असतील तर आरसीवर नाव तुमचं लावायला सांगा. भांडण नको म्हणून गप्प बसू नका. निदान नॉमिनी तरी व्हा.

आणि लायसन काढा. अठरा वर्षं पूर्ण झाली की शिकाऊ लायसन मिळतं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. आमची ती मैत्रीण दुसऱ्या प्रयत्नात पास झाली. पहिल्या वेळी चढावर गाडी बंद पडली होती. आता बाजाराच्या दिवशी स्टिअरिंगवर ती असते, शेजारी तिच्या सासूबाई. आम्ही मागे बसतो, पट्टा लावून.

पुढच्या बैठकीला तुमच्या घरच्या गाडीची आरसी घेऊन या. नाव कोणाचं आहे, बोजा आहे का, नॉमिनी आहे का, ते सगळ्याजणी मिळून वाचू.