डाव्या हाताचं खरं

त्या वर्षी ऐन गणपतीत वर्धा नदी फुगली आणि बल्लारपूर-राजुरा रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला. मंडळाने भाड्याचा व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. कॅसेटी तेवढ्या रोज नदीपलीकडून बदलून आणायच्या ठरल्या होत्या. पूल बंद पडला तेव्हा हाताशी दोनच कॅसेटी उरल्या. एक ‘जय संतोषी माँ’, आणि दुसरीवर नावाची चिठ्ठीसुद्धा नव्हती. देवाचा सिनेमा संध्याकाळी बायकामुलांसाठी लागायचा. रात्री साडेदहानंतर सलग तीन रात्री लागली ती बिनचिठ्ठीची.

आमच्याकडे असल्या सगळ्याच सिनेमांना एकच नाव होतं : कराटेचा पिक्चर. चीनचा, जपानचा, हाँगकाँगचा असा फरक कुणाला ठाऊक नव्हता. ब्रूस ली जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी प्रत्येक वेळी कुणी तरी विचारायचंच, ‘ब्रूस ली हाय का यात?’ या सिनेमात ब्रूस ली नव्हता. यात एका पोराचा उजवा हात बर्फात तुटून पडतो आणि उरलेला सगळा वेळ तो एका हाताने जगतो. संवाद इंग्रजीत होते आणि ओठ भलतंच काही बोलत होते. अंगणात बसलेल्यांत तेलुगू होते, छत्तीसगडी होते, बिहारी होते, आम्ही मराठी होतो. आमचा राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. त्यामुळे इथल्या जुन्या घरांतही तेलुगू ऐकू येते. पुढे कोळशाच्या खाणींनी आणखी भाषा आणल्या. इंग्रजी यांपैकी कुणालाच धड कळत नव्हती, म्हणून सगळ्यांनी सारखंच, फक्त डोळ्यांनी पाहिलं.

त्या सिनेमाचं नाव ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. साल १९६७, शॉ ब्रदर्सची निर्मिती, दिग्दर्शक चँग चेह, नायक जिमी वाँग यू. हाँगकाँगमध्ये दहा लाख हाँगकाँग डॉलरचा गल्ला जमवणारा हा तिथला पहिला सिनेमा. त्याआधी तिकडच्या पडद्यावर नायिकांचं राज्य होतं. या सिनेमाने पुरुष नायक पुढे आणला, आणि आणला तो असा, अर्धा होऊन. मला याचं अजूनही नवल वाटतं.

गोष्ट साधी आहे. फाँग गाँगचा बाप नोकर असतो. मालकाला वाचवताना तो जीव देतो आणि मालक पोराला शिष्य करून घेतो. बरोबरीची श्रीमंत मुलं त्याला हिणवतात. गुरूची मुलगी रागाच्या भरात त्याचा उजवा हात तोडते. श्याओमान नावाची शेतकरी मुलगी त्याला उचलून घरी नेते आणि बरा करते. तिच्या बापाने मागे ठेवलेली तलवारबाजीची एक पोथी तिच्याकडे असते, अर्धी जळालेली, आणि उरलेलं अर्धं नेमकं डाव्या हाताचं निघतं. फाँगकडे बापाची तलवार असते, तीही मोडकी. अर्धी पोथी, अर्धी तलवार आणि एक हात घेऊन तो उभा राहतो. सूड म्हणाल तर हात तोडणाऱ्या मुलीवर तो उगवत नाही. उलट त्याच गुरूच्या घरावर संकट येतं तेव्हा धावून जातो. शेवटी गुरूकडची गादी नाकारून श्याओमानसोबत शेती करायला निघून जातो.

तिन्ही रात्री माझ्या शेजारी आमच्या गल्लीतले एक काका बसले होते. कामावर असताना त्यांचा उजवा हात गेला होता, कोपराच्या बराच वरून. ते खर्रा स्वतःच घोटत. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकायचा, पन्नीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायचं आणि डाव्या तळव्याने घोटत राहायचं. गुडघा उंच करून ते असे बसत की बघणाऱ्याला वाटावं, ही बैठक मुळात याच कामासाठी आहे. कुणी ‘द्या इकडे, मी घोटतो’ म्हटलं तर पन्नी आणखी जवळ ओढत.

पहिल्या रात्री ते गप्प होते. दुसऱ्या रात्री, फाँग डाव्या हाताने सराव करतो, चुकतो, पुन्हा मोडकी तलवार उचलतो, तिथे त्यांनी व्हीसीआरवाल्या पोराला सांगितलं, ‘मांगं घे.’ पोराने रिवाइंड केलं. पडद्यावर पट्टे उलटे धावले. तो भाग पुन्हा लागला. ‘आणखी एकडाव.’ मागच्या रांगेतली पोरं ओरडली, त्यांना मारामारी हवी होती. काकांनी मान वळवली नाही. शेवटची झुंज लागली तेव्हा मात्र ते चप्पल शोधायला लागले होते.

या एका आठवणीमुळे मी पुढे अपंग नायकांचे असले सगळे सिनेमे वेगळ्या नजरेने पाहिले. सूड ही त्यांची दोरी असते, गोष्ट ओढून न्यायला. मन लावून पाहावा तो मधला भाग, जिथे शरीर नव्याने शिकतं.

या घराण्याचं मूळ जपानमध्ये. १९६२ साली शिंतारो कात्सूचा झातोइची आला : आंधळा, लोकांचं अंग रगडून पोट भरणारा, जुगारी, काठीत पातं लपवून फिरणारा. १९८९पर्यंत त्याचे २६ सिनेमे झाले. १९७१ साली या झातोइचीची आणि एका हाताच्या तलवारबहाद्दराची गाठ एकाच सिनेमात घातली गेली. एक जपानी बोलणारा, दुसरा चिनी, एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नाही, आणि गैरसमजातून दोन भली माणसं एकमेकांवर उठतात. खाणींच्या गावात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आपल्याकडे याच जातीचं सगळ्यांत मोठं पात्र म्हणजे ‘शोले’तला ठाकूर. १५ ऑगस्ट १९७५, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. शाल घसरते आणि रिकाम्या बाह्या दिसतात, तो क्षण कितीदा पाहिला तरी पोटात खड्डा पडतो. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरचा जीव घेतो. सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि ऐनवेळी पोलीस आले. पण मला खटकतं ते दुसरंच. ठाकूर कधी शिकताना दिसत नाही. तो जेवतो कसा, दार उघडतो कसा, पायात इतकी ताकद आणतो कुठून, हे सिनेमाला सांगावंसं वाटलेलं नाही. ठाकुराचं दुःख खरं आहे, संजीव कुमारने ते डोळ्यांत धरून ठेवलं आहे, पण त्याचं अपंगपण शालीखालीच राहिलं.

‘शोले’नंतर तीन वर्षांनी, १९७८ साली, चँग चेहने ‘क्रिपल्ड अ‍ॅव्हेंजर्स’ काढला. तो मी पाहिला मोठेपणी, तोही तुकड्यातुकड्यांत. आज विचाराल तर या सगळ्यांत मला तोच सर्वांत धीट वाटतो. त्याची सुरुवातच अशी की खलनायकाच्या बायकोला शत्रू मारतात आणि लहान पोराचे हात तोडतात. बाप पोराला लोखंडी हात करून देतो. इथपर्यंत आपण त्यांच्या बाजूने असतो. पण पोरगा मोठा होतो तोवर बाप-लेक दोघेही कडवट झालेले असतात. वाटेत आडवा येईल त्याला ते अधू करून सोडतात. एका फेरीवाल्याचे डोळे जातात, एका लोहाराची वाचा आणि कान जातात, तिसऱ्याचे पाय. या तिघांसाठी जाब विचारायला आलेल्या चौथ्याच्या डोक्याला लोखंडी पट्टा आवळतात आणि तो लहान मुलासारखा होऊन जातो. हे चौघे त्या चौथ्याच्याच गुरूकडे जातात आणि शिकतात.

सोसणारा आपोआप चांगला होतो, ही समजूत या सिनेमाने पहिल्या दहा मिनिटांत मोडली. लोखंडी हातवाल्यानेही सोसलंच आहे. फरक एवढाच की त्याला बापाने एकट्यासाठी हत्यार करून दिलं, आणि हे चौघे एकमेकांचे डोळे, कान, पाय झाले. शेवटी लोखंडी कड्यांची जी झुंज आहे ती पाहताना श्वास अडकतो. कुओ चुई, चियांग शेंग आणि लोखंडी हातवाला लू फेंग हे नट तैवानमध्ये चिनी संगीतनाट्याच्या शाळेत लहानपणापासून घडलेले. त्यांचं अंग रबरासारखं वळतं. पण दोषही सांगायला हवा. चौथ्याचं बुद्धी हरवणं सिनेमाने हसण्यासाठी वापरलं आहे. बाकी तिघांना मिळालेला मान त्याला मिळालेला नाही.

१९७९ साली तैवानमधून ‘द क्रिपल्ड मास्टर्स’ आला. यातले दोन्ही नायक खरोखरच अपंग होते, एकाला हात नसल्यासारखेच, दुसऱ्याचे पाय वाळलेले. लोकांनी हा जत्रेतल्या तंबूसारखा खपवला, हे खरं आहे आणि वाईट आहे. तरीही पाय वाळलेला माणूस हातांवर धावतो तेव्हा तिथे युक्ती नसते, कॅमेऱ्याची लबाडी नसते. ते वर्षानुवर्षांचं कमावलेलं अंग असतं.

असं अंग मी आधी पाहिलं होतं, आमच्याच जिल्ह्यात. शाळेची सहल वरोऱ्याला आनंदवनात गेली होती. बाबा आमट्यांनी १९४९ साली सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्यावर ते सुरू केलं, हे गुरुजींनी गाडीतच पाठ करून घेतलं होतं. लक्षात राहिली ती मागावर बसलेली एक बाई. हाताला बोटं उरली नव्हती. ती मनगटाच्या धक्क्याने धोटा सरकवत होती आणि आमच्याकडे न बघता शेजारणीशी बोलत होती. धोटा एकदाही अडकला नाही.

दरम्यान शब्द बदलत गेले. आंधळा, पांगळा, मुका असं आम्ही सर्रास म्हणायचो. मग अपंग आलं. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. सरकारी कागदावर दिव्यांग लागलं. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, सिनेमात अपंग माणूस कसा दाखवावा यासाठी मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. या जुन्या सिनेमांच्या इंग्रजी नावांत बसलेला ‘क्रिपल्ड’ हा शब्द माणसाला हलकं करतो, हेही त्यात आलं. ते पटतं. ही नावं आज कुणी ठेवू नयेत. सिनेमे मात्र फेकून देऊ नयेत, कारण अपंग माणसाला ज्याच्यावर दया करायची असं पात्र न मानता गोष्टीच्या मधोमध उभं करण्याचं काम त्यांनी तेव्हा केलं, जेव्हा आमचे सिनेमे त्याला देवळाच्या पायरीवर बसवत होते.

चँग चेह २००२ साली गेला, वाँग यू २०२२ साली. शॉ ब्रदर्सचे जुने सिनेमे आता धुऊन-पुसून, स्वच्छ छापून मिळतात. मागच्या पावसाळ्यात पूल पुन्हा बंद होता, तेव्हा घरी बसून मी ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ पाहिला. चित्र आता इतकं लख्ख आहे की वाँग यूच्या अंगरख्याच्या आत बांधलेल्या हाताचा फुगवटा दिसतो.

काकांना तो भाड्याच्या टीव्हीवर, घासलेल्या कॅसेटमध्ये, मुंग्या आलेल्या चित्रात दिसला होता. तिसऱ्या रात्री सगळे पांगल्यावर खुर्च्या उचलताना त्यांनी मला सांगितलं होतं, ‘खांदा पाह्य त्याचा. हात हाय त्याले, आत बांधला हाय. हात गेला का खांदा असा नाही राहात.’ मी विचारलं, मग पुन्हा-पुन्हा मागं कशाला घ्यायला लावलं? त्यांनी खुर्ची डाव्या हाताने उचलून कमरेला टेकवली.

‘डाव्या हातानं जे करून राह्यला ना, ते खरं हाय.’