विश्लेषण : कागदी लक्ष्यावरचा प्रत्येक शॉट कॅमेरा कसा ओळखतो?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २८ जुलै २०२४ रोजी मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक जिंकले. सुवर्णपदकासाठीच्या शेवटच्या लढतीत जाण्याची तिची संधी मात्र फक्त ०.१ गुणाने हुकली. पिस्तुलाच्या लक्ष्यावर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. चार दिवसांनी, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले.

ऑलिम्पिकमध्ये प्रत्येक शॉटचा हिशेब इलेक्ट्रॉनिक लक्ष्य त्याच क्षणी देते. ही यंत्रणा महाग असल्याने सांगली-साताऱ्यासारख्या भागात नेमबाजी शिकू पाहणाऱ्या मुलांची सुरुवात बहुधा कागदी कार्डावरच होते. कॅमेरा आणि सॉफ्टवेअरच्या मदतीने हे अंतर किती भरून काढता येते?

कागदी लक्ष्याची अडचण काय?

सातारा तिरंदाजीसाठी ओळखला जातो. साताऱ्याच्या अदिती स्वामीने १७ व्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद पटकावले. तिरंदाजीत बाण लक्ष्यात रुतून राहतो, त्यामुळे कोणता बाण कुठे लागला ते दुर्बिणीतून दिसते. नेमबाजीत छर्रा कागद फाडून निघून जातो आणि मागे उरते ते फक्त छिद्र.

एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो आणि कार्डावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या नेमबाजाचे दहा शॉट एकमेकांवर पडतात आणि कार्डाच्या मध्यभागी एकच फाटके भोक तयार होते. नेम जितका चांगला, तितके कागदावरून कमी समजते, अशी ही गंमत आहे.

कागद शॉट कुठे लागला ते सांगतो, पण कधी लागला ते सांगत नाही. समजा दहापैकी दोन शॉट उजवीकडे खाली गेले. ते पहिले दोन असतील, तर शरीर स्थिर होण्याआधीच ट्रिगर दाबला गेला असावा. शेवटचे दोन असतील, तर थकवा किंवा जास्त वेळ रोखलेला श्वास हे कारण असू शकते. उत्तम शॉटनंतर लगेच आलेले असतील, तर कदाचित घाई झाली. कार्ड तेच, छिद्रे तीच, पण प्रशिक्षकाचा सल्ला तिन्ही वेळा वेगळा असेल.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

पहिली पायरी म्हणजे कार्ड सरळ करणे. कॅमेरा लक्ष्याच्या समोर ठेवता येत नाही. तो बाजूला किंवा खाली, आडोशामागे असतो. त्यामुळे गोल वर्तुळे त्याला लंबगोल दिसतात. कार्डाचे चार कोपरे आणि वर्तुळांची ठरलेली मापे वापरून सॉफ्टवेअर चित्र ताठ करून घेते.

दुसरी पायरी तुलनेची. शॉटच्या आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र एकमेकांतून वजा केले, की जे बदलले तेवढेच उरते. नवे छिद्र जुन्याला लागून असेल, तर फक्त चंद्रकोरीसारखी एक कड दिसते. त्या कडेवर ४.५ मिलिमीटरचे वर्तुळ बसवून छर्ऱ्याचे केंद्र काढले जाते.

तिसरी पायरी म्हणजे लक्ष्याच्या मध्यापासून त्या केंद्राचे अंतर मोजून गुण देणे आणि शॉटचा क्रमांक व वेळ नोंदवणे.

दशांश गुणांसाठी किती बारकावा लागतो?

एअर रायफलमध्ये एका शॉटचे सर्वाधिक गुण १०.९. साठ शॉटच्या पात्रता फेरीत कमाल ६५४. प्रत्येक ०.१ गुणासाठी फरक असतो फक्त ०.२५ मिलिमीटरचा, म्हणजे वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीइतका.

मोबाइल नेमबाजाजवळच, दहा मीटरवर ठेवला तर? साध्या लेन्सच्या चौकटीत त्या अंतरावर बारा मीटरच्या आसपास रुंदी मावते. चित्र चार हजार ठिपके रुंद धरले, तर एक ठिपका सुमारे तीन मिलिमीटरचा होतो. म्हणजे संपूर्ण छिद्र एक-दोन ठिपक्यांत संपते. बोटांनी चित्र मोठे केले, तरी नवी माहिती येत नाही.

तोच कॅमेरा लक्ष्याजवळ ठेवला आणि १०८० ठिपक्यांत दहा सेंटिमीटरचा भाग घेतला, तर एक ठिपका ०.०९ मिलिमीटरचा होतो. आता ०.१ गुणाच्या वाट्याला जेमतेम अडीच-तीन ठिपके येतात. काम होते, पण कार्ड जरा हलले किंवा ट्यूबलाइट लुकलुकली, तरी दशांश बदलू शकतो.

कॅमेरा कुठे फसतो?

छर्रा आधीच्याच भोकातून आरपार गेला, तर चित्रात काहीच बदलत नाही. अशा वेळी माइक शॉटचा आवाज नोंदवू शकतो, पण तो कुठे लागला हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे एका कार्डावर कमी शॉट मारणे. सावली, पंख्याच्या वाऱ्याने हलणारे कार्ड आणि फाटलेल्या कडा यांनीही गणित चुकते.

मोठ्या स्पर्धांतली इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये म्हणूनच छिद्राच्या चित्रावर अवलंबून नसतात. काहींत छर्ऱ्याचा आवाज वेगवेगळ्या माइकपर्यंत किती वेळात पोहोचला यावरून, तर काहींत प्रकाशकिरणे कुठे अडली यावरून जागा ठरते. ‘स्कॅट’सारखी सराव यंत्रणा आणखी वेगळी आहे. तिचा कॅमेरा बंदुकीच्या नळीवर बसतो आणि ट्रिगर दाबण्याआधी नेम कसा हलत होता ते दाखवतो.

सुरुवात कशी करता येईल?

कार्डाचा फोटो काढून गुण मोजणारी ‘टार्गेटस्कॅन’सारखी मोबाइल अ‍ॅप आहेत. मात्र एका फोटोतून शॉटचा क्रम कळत नाही. त्यासाठी सतत चित्रण हवे. चित्रांची तुलना करणारे ‘ओपनसीव्ही’ हे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध आहे. सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पेलेल असा हा प्रकल्प आहे.

पथ्ये थोडीच, पण महत्त्वाची आहेत. कॅमेरा लावण्यासाठी रेंजप्रमुखाची परवानगी घ्यावी. फायरिंग थांबून बंदुका रिकाम्या झाल्याशिवाय कोणीही रेषेपुढे जाऊ नये. कॅमेऱ्यापुढे मजबूत आडोसा, कार्डावर एकसारखा उजेड आणि कार्ड चारही बाजूंनी घट्ट बसवलेले असावे. सुरुवातीला दहा कार्डांचे गुण हाताने मोजून सॉफ्टवेअरच्या गुणांशी ताडून पाहावेत.

मग भरवसा कशावर ठेवायचा?

क्रम, वेळ आणि शॉट कोणत्या बाजूला झुकतात, या बाबतीत साधा कॅमेराही चांगले काम देतो. दशांश गुणांबाबत मात्र सावध राहिलेले बरे. घरच्या यंत्रणेत १०.४ दिसले, म्हणून स्पर्धेत तेच मिळतील असे नाही.

पण आठवा शॉट का बिघडला, हे त्याच दिवशी, त्याच मुलीला, कार्ड हातात येण्याआधी दाखवता आले, तर तिचा नववा शॉट सुधारू शकतो. लहान गावातल्या रेंजवर आज उणीव आहे ती याचीच.